छप्पनियातला साहेब : प्रकल्पाच्या नोंदी

१९ मे
सुरुवात भाऊजींच्या फॉरवर्डपासून. पहाटे पावणेसहाला घरच्या ग्रुपवर आला : सम्राट अशोकाने कलिंगाच्या युद्धानंतर नऊ अज्ञात पुरुषांचं गुप्त मंडळ नेमलं, प्रत्येकाच्या ताब्यात एकेक ग्रंथ, एकात गुरुत्वाकर्षणावर मात करायची विद्या, एकात नुसत्या स्पर्शाने माणूस मारायची. शेवटी ठरलेली ओळ, 'हे आपल्याला शाळेत शिकवलं नाही.' सात वाजेपर्यंत अकरा नमस्कार.

मी खरं तर वाचनालयाच्या ऑगस्टच्या बैठकीसाठी विषय शोधत होते. हा धागा जरा ओढून बघू म्हटलं. अशोकाच्या शिलालेखांत विहिरी आहेत, वडाची झाडं आहेत, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय आहे. नऊ पुरुष नाहीत. ते सापडले न्यूयॉर्कच्या 'ॲडव्हेंचर' मासिकात, २० मार्च ते ३० एप्रिल १९२३, पाच हप्त्यांत. कादंबरीचं नाव 'द नाइन अननोन', लेखक टॉल्बट मंडी.

त्याच्या चरित्रातली दुसरी-तिसरीच ओळ वाचली आणि चहा गार झाला. हा गृहस्थ १८९९ मध्ये आमच्या बडोद्यात नोकरीला होता!

नानांना (वाचनालयाचे अध्यक्ष, वय ८१) लगेच फोन केला. नाना म्हणाले, "मांडवी? आपल्या मांडवी दरवाज्यावर कोण बोलणार, सगळ्यांना पाठ आहे." म्हटलं, "मांडवी नाही हो नाना, मंडी." "बरं, मंडई." विषय मंजूर.

२२ मे
एक्सेलची फाइल उघडली. पेशाने मी हिशेबनीस, त्यामुळे माणूस कळायचा तर आधी रकाने पडले पाहिजेत. तारीख, मासिक, शीर्षक, पानं, अंदाजे शब्द. संध्याकाळी आणखी दोन वाढवावे लागले : 'मंडी सांगतो' आणि 'कागद सांगतो'. पुढचे दोन महिने हे दोन रकाने मला पुरणार असं दिसतंय.

पहिलीच नोंद, नाव. टॉल्बट मंडी असा कोणी जन्मालाच आला नव्हता. २३ एप्रिल १८७९ ला लंडनमध्ये जन्मला तो विल्यम लँकेस्टर ग्रिबन. रग्बीच्या नामांकित शाळेत गेला, पण शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला. वडील वारले. मग जर्मनीत एका सर्कशीच्या गाड्यांवर काम, इंग्लंडात शेतावर काम, आणि १८९९ च्या मार्चमध्ये मुंबई. तिथून बडोदा संस्थानात कारकुनी-कारभाराची नोकरी. घोडा घेतला आणि घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करायचा नाद लागला. एप्रिल १९०० मध्ये हिवतापाने जेरीस येऊन परत विलायतेला.

म्हणजे बडोद्यात एकूण वर्षभर. पण वर्ष कुठलं, तर संवत १९५६. १८९९ चा पाऊस आलाच नाही. सगळा गुजरात अजून ज्याला छप्पनियो म्हणतो तो दुष्काळ. माझी आजी (सासूबाईंची आई) ताटात शीत राहिलं की "छप्पनियो विसरलात वाटतं" म्हणायची, आणि ती तर दुष्काळानंतर किती वर्षांनी जन्मलेली. गादीवर सयाजीराव, कॉलेजात अरविंद घोष शिकवतायत, गावाबाहेर गुरं मरतायत, आणि वीस वर्षांचा हा साहेब भाला घेऊन डुकरामागे.

२३ मे
काल रात्री मंडीचा राग राग आला होता. आज थोडा कमी. वीस वर्षांच्या कुठल्या मुलाला काय कळतं!

३० मे
दोन चरित्रं हाताशी आहेत. पीटर बेरेसफर्ड एलिसचं १९८४ चं आणि ब्रायन टेव्हझचं २००६ चं. मंडीने आपल्या आयुष्याबद्दल स्वतः जे जे सांगितलं ते एकेक कागदाला लावून बघायचं काम या मंडळींनी केलंय. माझे दोन रकाने त्यांच्या जिवावर भरतायत.

थोडक्यात : १९०१ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात, आता वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून. सरहद्दीवर मेहसूद टोळ्यांचा उठाव चालू होता, त्याच्या बातम्या द्यायच्या होत्या. साहेब पेशावरपर्यंत पोचला, खैबर खिंडीत गेलाच नाही. (१९१६ मध्ये त्याची सगळ्यांत गाजलेली कादंबरी आली, 'किंग ऑफ द खैबर रायफल्स'. खिंडीचं वर्णन असं की वाचताना धूळ नाकात जावी.) जानेवारी १९०३ मध्ये पहिलं लग्न. एकूण पाच. डोक्यावर कर्ज. मग आफ्रिका : हस्तिदंताची चोरटी शिकार, खोटी नावं, लफडी, तुरुंग. दुसरं लग्न करताना मंडी हे नवीन नाव घेतलं.

आफ्रिकेचा भाग बैठकीत दोन वाक्यांत उरकणार. त्यावर एक वेगळी संध्याकाळ लागेल आणि ती माझ्याच्याने होणार नाही.

८ जून
लेखक कसा झाला ती गोष्ट आज लिहून काढली, कारण मला ती फार आवडली.

सप्टेंबर १९०९. नवराबायको न्यूयॉर्कला उतरतात. त्याच दिवशी मंडीला गुंडांनी गाठून लुबाडलं आणि इतकं मारलं की कवटीला तडा गेला, इस्पितळात भरती. पुढे एका बातमीदाराशी ओळख झाली. मंडीच्या गप्पा ऐकून तो म्हणाला की हे सगळं लिही. थापांचे पैसे मिळतात हे मंडीला एकतिसाव्या वर्षी कळलं. फेब्रुवारी १९११ मध्ये पहिली कथा छापून आली. एप्रिलमध्ये 'ॲडव्हेंचर'मध्ये पहिला लेख. विषय? हिंदुस्थानातली डुकराची शिकार. म्हणजे अमेरिकेच्या ज्या मासिकाने त्याला पुढे पंधरा-वीस वर्षं पोसलं, त्याच्या दारातून तो आत गेला तो बडोद्याच्या डुकराचं बोट धरून. (डुकराला बोट नसतं. नानांसमोर हे वाक्य बोलायचं नाही.)

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१२ मध्ये, 'द सोल ऑफ अ रेजिमेंट'. एक इंग्रज सार्जंट इजिप्तच्या पलटणीला कवायत शिकवतो आणि ती पलटण सुदानच्या वाळवंटात नाहीशी होते, एवढंच सांगते. लहानशी कथा आहे. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा फक्त शेवट. लोक ही कथा वर्षानुवर्षं मागत राहिले आणि मासिक ती पुन्हा छापत राहिलं. एकतिसाव्या वर्षी पहिली ओळ लिहिणारा माणूस वर्षभरात इथे कसा पोचतो, ते माझ्या एकाही रकान्यात बसत नाही.

१७ जून
अंक आला! भाच्याने न्यू जर्सीहून, कुणाच्या तरी बॅगेतून. 'ॲडव्हेंचर', ३० मार्च १९२३. म्हणजे 'नाइन अननोन'चा दुसरा हप्ता. "पहिला महाग होता, मावशी," म्हणाला. चालेल.

प्लास्टिकच्या पिशवीतून काढताना माझ्याकडून चूक झाली. नेहमीच्या मासिकासारखा मध्यभागी उघडला आणि मलपृष्ठ टप्पकन सुटून हातात आलं. शंभर वर्षांच्या कागदाला कळ सोसत नाही. त्यानंतर ओट्यावर पांढरी चादर अंथरली, अंक पाऊणच उघडा ठेवला, खाली दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल. पान उलटलं की कडेचा बदामी चुरा चादरीवर पडतो, शेवेच्या तळाशी उरतो तसा. ब्रशने गोळा करून एका डबीत ठेवलाय. का ठेवलाय ते विचारू नये.

वास जुन्या वाचनालयाचा आणि थोडा व्हॅनिलाचा. असल्या मासिकांना पल्प म्हणतात. पल्प म्हणजे लगदा. लाकडाचा स्वस्त लगदा, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं, आम्ल सुटतं आणि कागद आतून कुरतडला जातो. १८९६ मध्ये फ्रँक मन्सीने 'आर्गसी' मासिक अशा कागदावर काढून खर्च कमी केला, मग सगळा बाजार त्याच मार्गाने गेला. वाचून रेल्वेच्या बाकावर टाकून द्यायचा माल. पंचवीस सेंटला 'ॲडव्हेंचर' म्हणजे त्यातला उंची माल, पण कागद लगद्याचाच.

पानाला दोन स्तंभ. ओळी मोजल्या, शब्द मोजले, पाच पानांची सरासरी काढली. पानाला साधारण सातशे शब्द. हा आकडा आता सगळ्या फाइलला लावता येईल.

१८ जून
लावला. चुकीच्या रकान्याला. दीड तास गेला.

२४ जून
शब्दांचा हिशेब करताना मासिकाचं गणित समजलं. 'ॲडव्हेंचर' १९१० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा मासिक होतं. १९१७ मध्ये पाक्षिक, आणि १९२१ च्या शरदात महिन्यातून तीनदा : १०, २० आणि ३० तारखेला. महिन्याला तीन जाडजूड अंक भरायचे, तेही जाहिरातीने नाही तर गोष्टींनी. अशा वेळी संपादकाला प्रतिभावंत नको असतो, वेळेवर देणारा हवा असतो. दोन्ही एकाच माणसात मिळाले तर तो त्याला सोडत नाही. संपादक आर्थर सलिव्हंट हॉफमन यांनी मंडीला सोडलं नाही.

मंडी १९२० मध्ये जेरुसलेमला गेला होता, तिथल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात काम केलं, परत येताना जिमग्रिम हा कथानायक घेऊन आला. जेम्स स्कायलर ग्रिम, अमेरिकन, पण इंग्रजांच्या हेरखात्यात, अरबांत अरब होऊन राहणारा. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याची पहिली लांब कथा. पुढचं वर्षभर फाइल बघा : जवळजवळ दर महिन्याला एक, आणि प्रत्येक इतकी लांब की आपल्याकडे ती वेगळं पुस्तक म्हणून खपली असती. मग जिमग्रिमला हिंदुस्थानात आणलं, जुन्या खैबरवाल्या किंगशी गाठ घालून दिली, बरोबर एक कलकत्त्याचा बाबू दिला, आणि हे सगळे मिळून 'नाइन अननोन'मध्ये.

नाना आज घरी आले होते. हिशेब दाखवला. म्हणाले, "आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. तुझा साहेब त्यांच्यापुढे आळशी." मुद्दा बरोबर आहे. पण अर्नाळकरांचा झुंजार कुणी शिलालेखात शोधत नाही.

२ जुलै
दुसरा हप्ता वाचून झाला, बाकीचे स्क्रीनवर. प्रश्न झकास टाकलाय : शेकडो वर्षं जगभरातलं सोनं-चांदी हिंदुस्थानात येत राहिलं, मग ते गेलं कुठे? उत्तर : नऊ अज्ञातांकडे. खरे नऊ सज्जन, त्यांच्या नावावर वावरणारे तोतये कालीभक्त दुष्ट. एक पाद्री फादर सिप्रियन, त्याला ते ग्रंथ जाळायचेत, बाकीच्यांना वाचायचेत. ज्याच्या घरातल्या प्रत्येक पिढीने सोनं गाठीला बांधलंय त्या वाचकाला हा प्रश्न लगेच पटतो. माझ्या सासूबाईंना गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "सोनं कुठे गेलं ते मला विचार."

बाबू चुलंदर घोष. नाव वाचूनच कपाळावर हात मारला. जाडा, भित्रा, बी.ए. नापास, शब्दबंबाळ इंग्रजी बोलणारा. टिपिकल गोऱ्यांचा विनोद, असं म्हणून पुढे जाणार होते. पण दहा पानांनी लक्षात येतं की खोलीत सगळ्यांत हुशार तोच आहे आणि साहेबलोकांवर चाललेली त्याची टिंगल त्यांना कळत नाहीये. मंडीलाही तो आवडला असावा, कारण पुढे कथेमागून कथेत तो येत राहिला. तरी चुलंदर हे नाव मी माफ करणार नाही. एक वर्ष बडोद्यात काढून तुला एक बरं नाव मिळालं नाही?

९ जुलै
थिऑसॉफी, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारा पंथ. हा भाग कंटाळवाणा होईल म्हणून टाळत होते, पण किल्ली इथेच आहे. १९२३ च्या सुरुवातीला मंडी कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोमाच्या थिऑसॉफिस्टांत दाखल झाला. आपल्याला माहीत असलेली ॲनी बेझंट यांची अड्यारची शाखा वेगळी, ही कॅथरीन टिंगली यांची. हिमालयात कुठेतरी महात्मे बसलेत आणि जगाचं ज्ञान राखतायत ही कल्पना त्या मंडळींत रोजच्या पोळीभाजीइतकी सवयीची. तिला अशोकाचं नाव द्या, बंदुका द्या, पाच हप्ते करा. पुढच्या वर्षी तिथेच राहून त्याने 'ॐ' लिहिली, त्यात तिबेटी लामा, आणि प्रकरणांच्या डोक्यावर त्या लामाच्या वचनसंग्रहातली वचनं. लामा खोटा, संग्रह खोटा, वचनं मात्र चांगली आहेत. काही मी वहीत उतरवून घेतली आणि मग स्वतःलाच हसले.

१४ जुलै
आता फॉरवर्ड कसा झाला तो. १९६० मध्ये पॅरिसला लुई पोवेल आणि झाक बेर्जिए या दोघांचं गूढविद्येवरचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. त्यात नऊ अज्ञात आहेत, आणि मंडीचा हवालाही आहे. पण कसा? टॉल्बट मंडी, जो पंचवीस वर्षं हिंदुस्थानात इंग्रजांच्या पोलिसांत होता.

पंचवीस वर्षं! पोलिसांत! माझ्या फाइलमध्ये त्याच्या हिंदुस्थानातल्या दोन्ही मुक्कामांची बेरीज चार वर्षं भरत नाही, आणि पोलिसांशी त्याचा संबंध आला तो आफ्रिकेत, गजांच्या दुसऱ्या बाजूने. पण एकदा कादंबरीकाराचा पोलीस अधिकारी केला की कादंबरीचा आपोआप अहवाल होतो. तिथून इंग्रजीत, तिथून इंटरनेटवर, तिथून भाऊजी.

दोन तास जुने पुरावे पाहून उठले आणि कोपऱ्यावर सेव-उसळ खाऊन आले. काही गोष्टी रिकाम्या पोटी पचत नाहीत.

२१ जुलै
एक पान मुद्दाम दाखवायचं ठरवलंय. 'ॲडव्हेंचर'च्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं सदर असे, नाव 'कॅम्प-फायर', शेकोटी. १९२५ मध्ये मंडीने ट्रॉसची मालिका सुरू केली. सॅमोथ्रेसचा दर्यावर्दी ट्रॉस, समोर ज्युलियस सीझर, आणि सीझर चक्क खलनायक : कपटी, रक्तपिपासू. वाचक उसळले. शेकोटीत महिनोन्‌महिने वाद. लोकांनी मूळ लॅटिन ग्रंथांचे दाखले दिले, मंडीने उत्तरं दिली, हॉफमननी दोन्ही बाजू छापल्या. पंचवीस सेंटच्या मासिकात! गोष्टीत काही चुकीचं वाटलं तर वाचक पुरावा मागत होता आणि लेखकाला तो द्यावा लागत होता. आमच्या ग्रुपवर मी मे महिन्यात "याला आधार काय?" असं विचारलं होतं, त्यावर भाऊजींनी सूर्योदयाचा फोटो टाकला.

ट्रॉसची ही मालिका १९३४ मध्ये एका पुस्तकात आली, साडेनऊशे पानांच्या आसपास. वाचणार नाही. प्रस्तावना वाचली.

२८ जुलै
शेवट उरकला. मंदी आली, मासिकं बसली, मंडी रेडिओकडे वळला. शेवटची चार-पाच वर्षं 'जॅक आर्मस्ट्राँग' नावाची मुलांची मालिका लिहिली. आठवड्याचे पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, प्रायोजक गव्हाच्या पोह्यांची कंपनी. ज्याने खिंडी, लामे आणि अशोक रचले तो नाश्त्याच्या डब्यासाठी रोज एक संकट लिहीत होता आणि रोज ते अर्ध्यावर सोडत होता. मला हे केविलवाणं अजिबात वाटलं नाही. काम आलं, केलं. ५ ऑगस्ट १९४० ला फ्लोरिडात वारला, एकसष्ट वर्षांचा, मधुमेह होता.

हे सगळं चाळीस मिनिटांत बसवायचंय. तेवीस स्लाइड झाल्यात, सोळावर आणायच्या.

४ ऑगस्ट
झालं. पाऊस असूनही तीसेक माणसं. प्रोजेक्टरची वायर घरी राहिली होती, धाकटा स्कूटरवरून घेऊन आला, तोवर नानांनी छप्पनियोवर दहा मिनिटं बोलून वेळ निभावली आणि खरं सांगायचं तर ती दहा मिनिटं माझ्या चाळीसपेक्षा रंगली. चुऱ्याची डबी सगळ्यांनी हातोहात फिरवली, वास घेतला. सेन्ट्रल लायब्ररीत आयुष्य गेलेले एक काका म्हणाले, "मलपृष्ठ तू तोडलंस ना? उघडण्यावरून कळतं."

अशोकाच्या स्लाइडला शांतता. मी तारखा एकाखाली एक मांडल्या होत्या : १९२३, १९६०, आणि भाऊजींच्या मेसेजचा दिवस (नाव झाकून). शेवटी पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "पण तो बडोद्यात होता म्हणजे महाराजांना भेटला असेलच ना?" म्हटलं, तसं कुठेही लिहिलेलं नाही, तो साध्या नोकरीत होता. "नसेल लिहिलेलं," त्या म्हणाल्या, "पण भेटला असेल." चहा आला.

११ ऑगस्ट
सकाळी सहा वाजता फॉरवर्ड. या खेपेला भाऊजींचा नाही, मैत्रिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत माझ्याकडे आलेला. तोच अशोक, तेच नऊ पुरुष, तोच स्पर्शाने मारायचा ग्रंथ. फक्त शेवटी एक नवा परिच्छेद : 'ही माहिती प्रथम उघड करणारे इंग्रज अधिकारी टॉल्बट मांडवी हे महाराजा सयाजीरावांचे खास सल्लागार होते. बडोद्याच्या राजवाड्यात त्यांनी हे ग्रंथ स्वतः पाहिले.'

मांडवी.

फाइल उघडून खाली नवी ओळ घातली. तारीख भरली, मजकूर चिकटवला. स्रोताच्या रकान्याशी थोडा वेळ थांबले, मग लिहिलं : आमचं वाचनालय, ४ ऑगस्ट.